उघडं कडं

एमआरआयच्या नळकांड्यात शिरण्याआधी पेशंटच्या हातात एक रबरी फुगा देतात. जीव घाबरला की दाबायचा, बाहेर घंटा वाजते. वायरमनच्या उजव्या हाताला इंजेक्शनची सुई लावली होती, म्हणून टेक्निशियनने सवयीने फुगा डाव्या हातात दिला. तो डावा हात दहा दिवसांपासून लुळा होता. कागदावर तसं ठळक लिहिलंही होतं, पण कागद वाचतो कोण!

काचेपलीकडे डॉक्टरबाई मेंदूची चित्रं पाहत बसल्या होत्या. सतरा वर्षं त्यांनी हेच केलं होतं. वायरमनच्या मेंदूत उजवीकडे लिंबाएवढा डाग होता आणि औषध टोचल्यावर त्याच्या कडेने पांढरं कडं उमटलं होतं. कडं पुरतं जुळलेलं होतं, म्हणजे गाठीचीच भीती जास्त. मागे उभ्या सर्जनने तेवढंच पाहिलं, "उद्या सकाळी डोकं उघडू," म्हणाला आणि निघूनही गेला. त्याला नेहमीच घाई.

तेवढ्यात घंटा वाजली. एकदा नाही, तीनदा.

टेक्निशियनने धावत जाऊन फळी बाहेर ओढली. डॉक्टरबाई मागोमाग आल्या. वायरमन निवांत पडला होता.

"काय झालं हो? घाबरलात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी कशाला घाबरू? मी नाही दाबला. आमच्या मंडळींनी दाबला."

टेक्निशियनने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाहेर वायरमनची मुलगी एकटीच बसली होती.

"बंद जागेत तिचा जीव गुदमरतो, पहिल्यापासून," वायरमन समजावून सांगू लागला. "गेली हो ती दोन वर्षांपूर्वी. पण हात बधिर झाला आणि येऊन बसलीय डाव्या बाजूला. हात सोडत नाही."

मेंदूचा हा भाग दुखावला की असे भास होतात, हे डॉक्टरबाईंना तोंडपाठ होतं. फुगा कुणी दाबला ते मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी वायरमनचे दोन्ही हात धरून पाहिले. त्या गार खोलीत उजवा हात गारठला होता. डावा कोमट होता, तळव्याला घाम होता, कुणी बराच वेळ धरून ठेवावा तसा.

फळी हलली म्हणून चित्रं पुन्हा काढावी लागली, आणि या खेपेला कडं उघडं निघालं. मेंदूच्या पृष्ठभागाच्या बाजूला त्यात स्पष्ट फट होती. आधीच्या वेळी पेशंटचं डोकं जरासं हललं असावं आणि ती फट पुसली गेली होती. उघडं कडं म्हणजे बहुधा गाठ नाहीच, मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण निघालेलं. मग सुरी कशाला? त्यांनी सर्जनला फोन लावला.

"अहो बाई, मघाशी तर कडं पूर्ण होतं!"

"मघाशी आपण दोघंही चुकलो. आधी औषध देऊन बघा."

सर्जन कुरकुरला, पण थांबला. मग त्या वायरमनशी बोलायला गेल्या.

"तुमच्या भाषेत सांगते. वायरवरचं रबर निघालंय. आतली तार बरीचशी शाबूत आहे."

"आणि रबर परत चढलं की?"

"हात बरा होईल."

"अन् ही?"

औषध वेळेवर घ्या, एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या आणि स्वतःवरच चिडल्या.

तीन महिन्यांनी काढलेल्या चित्रांत कड्याचा मागमूस नव्हता. वायरमन समोर येऊन बसला. शर्टाची बटणं त्याने स्वतःच लावली होती, पण चेहरा पार उतरला होता.

"हात झकास आहे," तो म्हणाला. "पण त्यात कुणी नाही हो."

हा माणूस वाचला याचा डॉक्टरबाईंना आनंद झाला होता, आणि आता त्याच आनंदाची लाज वाटत होती.

"बाई, हे दुखणं परत उलटतं का कधी?"

हा प्रश्न त्यांना शेकडो पेशंटनी विचारला होता. खरं उत्तर देताना त्या नेहमी टेबलाकडे बघत, कारण समोरचे चेहरे पडलेले त्यांना पाहवत नसत. आताही त्यांनी टेबलाकडेच पाहिलं.

"खोटं नाही सांगत. काहींना उलटतं."

मग त्यांनी मान वर केली. वायरमनचा चेहरा नव्या नवऱ्यासारखा फुलला होता.

"काहींना म्हणजे," त्याने पुढे सरकत विचारलं, "किती जणांना?"