माइकमधली खरखर

"पुन्हा एकदा," मीटरवाले म्हणाले.

"कुठून?" बाईंनी विचारलं.

"खडकांपासून."

बाई घोटभर पाणी प्यायल्या, पुस्तक सरळ धरलं आणि वाचायला लागल्या. "अग्निजन्य खडक कठीण असतात. त्यांच्यात जीवाश्म..."

"थांब." मीटरवाल्यांनी कानांवरचा हेडफोन काढून गादीवर फेकला. "आहेच. अजून आहेच मेली."

मेली म्हणजे खरखर. गेला आठवडाभर या घरात दुसरा विषय नव्हता. बाई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हापासून अंध मुलांच्या संस्थेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून द्यायच्या, घरीच, आतल्या खोलीत, टेबलावरच्या स्वस्तातल्या कंडेन्सर माइकसमोर. मुलं ती ऐकून अभ्यास करायची. त्यांच्या परीक्षा आल्या की बाईंनाच झोप लागायची नाही. आणि आठवड्यापूर्वी संस्थेच्या सरांचा फोन आला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण मागे सारखी खरखर येते. आमच्या मुलांचे कान फार तिखट. त्यांचं लक्ष पाठात लागत नाही म्हणतात. भूगोल नीट झाला नाही तर दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल."

बाई "बरं" म्हणाल्या. त्या रात्री ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठल्या. मीटरवाल्यांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "माइक भंगार आहे. आतलं सर्किट मी बदलतो."

आता हा गृहस्थ वीज कंपनीत जन्मभर लोकांचे मीटर तपासत आलेला. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही आणि खोडही. चालतंय ना, मग चालू दे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. असले स्वस्तातले माइक उघडून आतले भाग बदलणारे लोक जगात पुष्कळ आहेत हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं, मग काय, त्यांना आवरणार कोण!

पहिल्या दिवशी त्यांनी एक कपॅसिटर बदलला. माइकमधून बाईंचा "स" आणि "श" शिट्टीसारखा यायचा, तो बोथट झाला. इतका बोथट झाला की बाई गोधडीत तोंड खुपसून भूगोल शिकवताहेत असं वाटायला लागलं. खरखर होती तशीच. तो कपॅसिटर काढला, दुसरा घातला. मग त्यांना कळलं की आत एक तीन पायांचा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याचा एक पाय सर्किटच्या पट्टीला टेकू न देता हवेतच जोडावा लागतो. तोही जोडला. पण जोडताना बोटाने चाचपला. झालं! बोटाचा तेलकटपणा तिथे मुळीच चालत नाही, त्यामुळे माइक फोडणी टाकल्यासारखा तडतडायला लागला. दिवसभर डोकं आपटून झाल्यावर त्यांना आपली चूक सापडली. स्पिरिटने पुसून, केस वाळवायच्या यंत्राने वाळवून त्यांनी तडतड घालवली. खरखर गेली नाही.

मग घरावर संकट आलं. खरखर घरातल्या यंत्रांचीच असेल म्हणून पंखा बंद. फ्रिज बंद, त्यात दूध नासलं. शेजारच्या शिंप्याला जाऊन "तासभर मशीन थांबवा" म्हणाले, तर तो म्हणाला, "आणि मग काय, दातांनी शिवू?" तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं बंद.

"अहो, नवीन घेऊन टाका ना," बाई म्हणाल्या.

"नवीन? आतून सगळे सारखेच. आणि एवढ्याशा डबीपुढे मी हात टेकायचे?"

"मग सरांना सांगू का, दुसरं कुणी बघा म्हणून?"

मीटरवाल्यांनी माइकचा स्क्रू पुन्हा काढायला घेतला. तो घसरला, पलंगाखाली गेला. ते ओणवे होऊन तो शोधत होते तेवढ्यात मुलगी आली. ती हॉस्पिटलात नर्स होती, ड्यूटी संपवून परस्पर आली होती.

"बाबा, फ्रिज का बंद? केवढा वास येतोय."

"आधी इथे बस. माइकमध्ये बोल."

"मी काय बोलू?"

"बोल काहीही."

"माझ्या बाबांनी आईच्या नाकी नऊ आणले आहेत," मुलगी माइकमध्ये म्हणाली, "आणि दूध नासवलं आहे."

हेडफोन लावून बसलेले मीटरवाले एकदम हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. आवाज आरशासारखा स्वच्छ होता. "गेली! ये गं, बस तू. गेली एकदाची."

बाई लगबगीने बसल्या. "अग्निजन्य खडक कठीण असतात."

मीटरवाल्यांचा चेहरा उतरला. "हलवलास का माइक? धक्का लागला असेल." त्यांनी पकड उचलली.

मुलीने हेडफोन घेतला. "आई, पुन्हा वाच." बाईंनी वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं, मग हेडफोन काढून समोर बसलेल्या आईला नुसत्या कानांनी ऐकलं.

"आई, आवाज कधीपासून असा आहे तुझा?"

"कसा?" बाई म्हणाल्या. "वाचून वाचून घसा बसतो गं थोडा. दोन-तीन महिने झाले असतील."

"काहीतरी बोलू नकोस," मीटरवाले मुलीवर ओरडले. "तुला यातलं काय कळतं? ट्रान्झिस्टर बदलला की जाईल."

"बाबा, माइक ठीक आहे."

मीटरवाले हातातल्या पकडीकडे बघत बसले. या बाईचा आवाज ते दिवसभर ऐकत होते. जेवायला या, नळ बंद करा, औषध घेतलं का. त्यात काही फरक पडलाय हे त्यांना कधी जाणवलंच नाही. वायरीतून ऐकू आलं, तर वायरीला शिव्या घातल्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो काढायला समोर माइकही उरला नव्हता.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून घसा पाहिला. गाठ आहे म्हणाले. काढून तपासायला पाठवावी लागेल. आवाज किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही, आणि आजपासून बोलणं बंद.

घरी आल्यावर बाई चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि माइकसमोर बसल्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" मीटरवाले दारातून म्हणाले.

"ऐकलं मी. उद्यापासून. तीन धडे राहिलेत."

मीटरवाल्यांना भांडायचं होतं. पण त्यांनी जाऊन रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. बाई वाचत गेल्या. मध्ये खोकल्या, एक ओळ चुकल्या, शेजारी मशीन धडधडलं. त्यांनी एकदाही अडवलं नाही.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला, तो मीटरवाल्यांनी घेतला. बाई समोरच बसल्या होत्या.

"खरखर आहे अजून," सर म्हणाले, "पण मुलं ऐकत नाहीत. बाईंचाच आवाज हवा म्हणतात. माइक दुरुस्त होतोय ना?"

"नाही," मीटरवाले म्हणाले. "मला नाही जमलं."

"असू द्या. बाई आहेत का? स्पीकरवर टाका, मुलांना बोलायचंय."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. खोलीत एकदम सात-आठ आवाज आले. थँक्यू बाई, नमस्कार बाई. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षीचा इतिहास पण तुम्हीच वाचणार ना?"

बाई फोनकडे बघून हसल्या आणि त्यांनी मान डोलावली. पुन्हा डोलावली, जोरात. पलीकडे मुलं उत्तरासाठी थांबली होती.

मीटरवाले फोनजवळ वाकले. "बाई हो म्हणतायत," ते म्हणाले.