चाळिसावी पिशवी

आमच्या लिपुव्का गावात रक्त गोळा करणारी बस वर्षातून तीनदा येते आणि अग्निशमन दलाच्या गॅरेजसमोर उभी राहते. दलात पगारी कोणी नाही. कोणी सुतार, कोणी शेतकरी, मी शाळेची गाडी चालवतो. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं, एवढंच. दलाचा प्रमुख बोगुमील द्रोझ्द, गावाचा बोगुश. छप्पन्न वर्षांचा, दांडगा, दोन पोरींचा बाप. बस येणार असली की आदल्या आठवड्यात तो घरोघर फिरून लोकांना बाहेर काढायचा. "सुईला भितोस? मग आगीत कसा शिरशील?" असं तो माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसालाही विचारायचा.

स्वतः तो एकोणचाळीस वेळा देऊन बसला होता. चाळिसाव्या पिशवीला अठरा लिटर पूर्ण होतात आणि सरकारचा पहिल्या दर्जाचा बिल्ला मिळतो. चार मेला, संत फ्लोरियनच्या दिवशी, म्हणजे आमच्या अग्निशामकांच्या सणाला, तो त्याच्या कोटावर लागायचा होता. त्याच्या बायकोने, तेरेसाने, कोट धुवायलाही टाकला होता.

बोगुशची दुसरी ख्याती मेत्काची. कच्चं डुकराचं मांस बारीक करून, मसाला घालून, थंड धुरावर थोडा वेळ धरायचं आणि पावावर फासून खायचं. ईस्टरला त्याने डुक्कर कापलं आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या गावात मेत्का वाटली. आठवडा होत नाही तोच माझं पोट बिघडलं. तीन दिवस मी संडासाच्या आसपासच राहिलो. चौथ्या दिवशी बोगुश भेटला तेव्हा तोही उतरलेला दिसत होता.

"तुझंही?" मी विचारलं.

"तेरेसाचंही. अंड्यांचं असेल. यंदा अंडी दुकानातली आणली होती."

"मेत्का?"

"वीस वर्षं करतोय मी मेत्का, युरेक. गावात असं काही बोलू नकोस."

मी बोललो नाही.

चौदा एप्रिलला बस आली. पोट तोवर बरं झालं होतं, त्याचंही आणि माझंही. आम्ही दोघं एका बाकावर बसून अर्ज भरत होतो. त्यात एक प्रश्न असतो, गेल्या चार आठवड्यांत जुलाब, ताप, पोटाचा काही आजार? माझं पेन तिथे थांबलं. हो लिहिलं तर आतली डॉक्टर विचारणार, कशामुळे, आणखी कोणाला? पडद्यामागचं बोलणं बाहेर ऐकू जातं. रांगेत पाचवी आमची शेजारीण रेनाता उभी होती. तिच्याही घरी मेत्का गेली होती.

मी शेजारी पाहिलं. बोगुशने त्या प्रश्नापुढे 'नाही'वर फुली मारली होती. त्याने मान वर केली, आमची नजरानजर झाली आणि मी अर्ज घडी घालून खिशात टाकला.

"दाढ दुखतेय," मी मोठ्याने म्हणालो. "सकाळीच गोळी घेतलीय. मला घेणार नाहीत."

"पळपुटा," रांगेतलं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

बोगुश हसला नाही. "बरं केलंस," एवढंच हळू म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तो हातावर पट्टी आणि हातात रक्त देणाऱ्याला मिळते ती चॉकलेटच्या आठ वड्यांची पिशवी घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर अठरा दिवस काही झालं नाही. म्हणजे आम्हाला काही कळलं नाही. रेनाताची नऊ वर्षांची मुलगी कालिना पोट दुखतंय म्हणून कळवळत होती. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं, तर अपेंडिक्स चांगलं निघालं. मग तपासण्या झाल्या आणि एका जंतूचं नाव निघालं. ईस्टरची मेत्का रेनाताने फ्रीजमध्ये जपून ठेवली होती आणि पोरगी शाळेतून आली की रोज पावावर लावून खात होती.

दोन मेला, गुरुवारी सकाळी, आरोग्य खात्याची एक बाई बोगुशच्या अंगणात आली. मी त्याच्या धुराच्या खोलीचं दार दुरुस्त करून देत होतो. बाई बोलायला सभ्य होती. उरलेल्या मेत्काचा तुकडा डबीत भरताना ती म्हणाली, "द्रोझ्द साहेब, हा जंतू विचित्र आहे. बाकीचे थंडीत झोपतात, हा थंडीतच वाढतो. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित, असं लोकांना वाटतं. घरात आणखी कोणाला त्रास झाला होता?"

"मला झाला होता," बोगुश म्हणाला. "थोडासा."

बाईने लिहून घेतलं आणि निघून गेली. बोगुश लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला. मला वाटलं, कालिनाचा विचार करतोय.

"रक्त कशात ठेवतात, युरेक?" त्याने विचारलं.

मी हातोडी खाली ठेवली.

रक्त दिलं की एक चिठ्ठी देतात. त्यावर फोन नंबर असतो. नंतर काही आठवलं, आजारी पडलात, तर कळवा म्हणून. त्याने ती पाकिटातून काढली आणि फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, "नाव आणि जन्मतारीख सांगा." बोगुशने तोंड उघडलं, बंद केलं आणि फोन कापला.

"गाडी काढ," तो म्हणाला. "तोंडावर जाऊन सांगतो."

शहरातलं रक्तकेंद्र आमच्यापासून पन्नास मिनिटांवर आहे. फोन मला लावता आला असता. नाव त्याचं सांगायचं, तारीख मला पाठ आहे. मी गाडी काढली. दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं पिवळीधमक फुललेली होती, बोगुश समोर बघत होता, मी गिअर बदलत होतो आणि दोघांच्याही खिशात फोन होता. त्या पन्नास मिनिटांची मला आजही शरम वाटते.

केंद्रात डॉक्टर मालेव्स्का म्हणून बाई होत्या. साठीच्या, केस आखूड, चष्मा दोरीला अडकवलेला. बोगुशने टोपी काढून सगळं सांगितलं. जुलाब, तारीख, फुली, सगळं. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, "देताना माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी पिशवीचा आकडा संगणकात टाकला. बोगुशला वाटत होतं, आपली पिशवी कुठेतरी कपाटात असेल, काढून फेकतील.

"पिशवी एक नाही आता," त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "त्याच दिवशी यंत्रात घालून फिरवतो. तांबड्या पेशी खाली बसतात, पिवळा द्रव वर येतो, मध्ये पातळ पांढरा थर राहतो. तिन्ही वेगळे करतो. पिवळा भाग गोठवलेला आहे, तो इथेच आहे." त्यांनी फोन उचलून कोणाला तरी तो बाजूला काढायला सांगितला. "मधल्या थरातून प्लेटलेट घेतो. त्या पाच दिवसच टिकतात, त्याही बाहेरच, थंडीत नाही. तुमच्या आणि आणखी चौघांच्या एकत्र करून अठरा एप्रिलला दिल्या."

"कोणाला?"

"ते मी सांगणार नाही." त्यांनी दुसरा फोन लावला, कोणत्यातरी वॉर्डला. बराच वेळ ऐकत राहिल्या. "ताप नाही आला," फोन ठेवून म्हणाल्या. "तो माणूस परवा घरी गेला. त्याच्या रक्तात स्वतःच्या लढणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्या, द्रोझ्द साहेब. त्याला मारायला काहीही पुरलं असतं."

"आणि तांबडं?" बोगुशने विचारलं.

पडद्यावर बोट ठेवून त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "काल संध्याकाळी एका दवाखान्यात गेलंय. आज सकाळच्या शस्त्रक्रियेसाठी."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

त्या फोनवर जे बोलल्या ते सगळं मला ऐकू आलं. पिशवीचा आकडा त्यांनी दोनदा सांगितला, एकेक अंक सुटा. पलीकडची म्हणाली, तीन पिशव्या ऑपरेशनच्या खोलीत गेल्यात, एक लावली आहे, कोणती ते बघून सांगते. डॉक्टरबाईंनी रिसीव्हर कानाला धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. बोगुश उभा होता. मी त्याला आगीत छप्पर कोसळताना पाहिलंय, तेव्हा तो ओरडतो, हुकूम सोडतो. इथे त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

"दुसऱ्याची लावलीय," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "तुमची पुढची होती. काढून ठेवली."

बोगुश खुर्चीत बसला. चेहऱ्यावरून हात फिरवला. आणि मग त्याने जे विचारलं ते त्याने नंतर कधीच कोणाला सांगितलं नाही. मीही आजवर सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरबाई, ही मोजणीत धरतात का? ही चाळिसावी आहे."

त्यांनी चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याचीच प्रकृती बरी नाही. "मी चौकशी करून कळवते," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

बोगुशचे कान लाल झाले. लाली मानेवर उतरली, सदऱ्यात गेली. "नको," तो म्हणाला. "विचारलं नाही असं समजा."

पिशवी परत येईपर्यंत आम्ही थांबलो. कोणी थांबवलं नव्हतं, पण तो उठेना. चारच्या सुमाराला डबा आला. डॉक्टरबाईंनी त्याला आत बोलावलं, मीही मागे गेलो. पिशवीला एक बारीक नळी चिकटलेली असते, तपासणीसाठी तिचे तुकडे बंद करून ठेवतात. नळीतलं रक्त लाल होतं. पिशवीतलं जांभळट, जवळजवळ काळं.

"तपासणीला पाठवू, पण मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "जंतू नळीत कमी होते, पिशवीत वाढले. तिथली नर्स घाईत असती, तर हा रंग दिसलाही नसता."

"किती वेळ होता?" त्याने विचारलं.

"लावलेली संपायला? वीस मिनिटं असतील."

वीस मिनिटं. आम्ही गाडीत पन्नास घालवली होती. मी बोगुशकडे पाहिलं नाही.

शनिवारी संत फ्लोरियनचा दिवस. चर्चमधून आम्ही बँडच्या मागे गॅरेजपर्यंत चालत आलो. बाकं मांडलेली, सुपाचं पातेलं चढलेलं. गावप्रमुखाच्या हातात बिल्ल्याची डबी होती, कारण केंद्राने अजून काही कळवलं नव्हतं. त्याने बोगुशचं नाव पुकारलं. बोगुश पुढे गेला, पण डबी घेतली नाही.

"मी अर्जात खोटं लिहिलं," तो म्हणाला. "ईस्टरनंतर माझं पोट बिघडलं होतं. माझ्याच मेत्कामुळे. कालिना त्यामुळेच दवाखान्यात आहे. आणि माझं रक्त गुरुवारी ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला लागणार होतं, त्याचा जीव गेला असता. मला माहीत होतं आणि मी दिलं, या डबीसाठी."

बँडमधल्या एकाने तुतारी गुडघ्यावर ठेवली. मग मागून म्हातारा सोबचाक म्हणाला, "निदान चॉकलेटं तरी परत दिलीस का?" कोणी हसलं नाही. सोबचाकही नंतर खाली बघत राहिला.

मी पहिल्या बाकावर होतो. बोगुश 'मी' म्हणाला होता, प्रत्येक वेळी 'मी'. मलाही झालं होतं, मी शेजारी बसून ती फुली पाहिली होती, मी दाढेचं सोंग केलं होतं, यातलं अवाक्षर त्याने काढलं नाही. त्याच्या बोलण्यानंतर जी शांतता होती तिच्यात माझ्यासाठी भरपूर जागा होती. मी उठलो नाही. रेनाता दोन बाकं सोडून बसली होती. ती उठली, बोगुशसमोरून गेली आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली.

बोगुशने प्रमुखपद सोडलं. धुराची खोली त्याने पाडली. माझं बसवलेलं दारही सरपणात गेलं. तपासणीचा निकाल आला, तोच जंतू. कालिना बरी झाली, पोटावर व्रण राहिला. जून संपता संपता ती सायकल चालवायला लागली. बोगुश दर रविवारी रेनाताच्या कुंपणाशी थांबून मुलीची चौकशी करायचा. रेनाता उत्तर द्यायची, पण फाटक उघडायची नाही.

ऑगस्टमध्ये बस पुन्हा आली, तेव्हा रांग निम्मीही नव्हती. मी अर्ज खरा भरला, आत डॉक्टरला एप्रिलचंही सांगितलं. तिने काही विचारून मला घेतलं. सुई काढली तरी हलकं वाटलं नाही. हात दाबून धरत मी सरळ रेनाताकडे गेलो. ती ओट्यावर काकड्या चिरून बरणीत भरत होती.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "मलाही झालं होतं तेव्हा. बोललो असतो तर तू ती मेत्का टाकून दिली असतीस."

तिची सुरी थांबली. "चौदा एप्रिललाच माहीत होतं?"

"त्याच्याही आधी."

"चौदाला बसजवळ तू माझ्याशी बोललास. कालिनाला शाळेच्या सहलीत पुढची जागा देतो म्हणालास."

"हो."

"त्या दिवशी संध्याकाळी तिने दोन पाव खाल्ले." ती पुन्हा चिरायला लागली, एकसारखे तुकडे, बडीशेप, लसूण. "आता सांगून तुला काय हवंय, युरेक?" तिने वर न बघता विचारलं.

तिने बरणीचं झाकण घट्ट फिरवलं आणि म्हणाली, "जाताना फाटक लावून घे. कोंबड्या बाहेर जातात."