एकही फट नको

गटाचा नियम एकच होता: आधी आकडा, मग गप्पा. रात्री आपल्या बागेत पारा कुठवर उतरला ते सकाळी लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं. जगाच्या पाठीवर कुठेकुठे पांगलेली ही बागवेडी मंडळी एकमेकांना कधी भेटली नव्हती. पण भाषा एक, नखांतली माती एक, आणि पानगळ संपत आली की रडगाणंही एकच.

त्या सकाळी दातवालीनं लिहिलं, "उणे आठ."

गटात तिला दातवाली म्हणत, कारण ती कवळ्या बनवायची. घरामागच्या खोलीत दिवसभर प्लास्टर, मेण आणि परक्या माणसांचे जबडे. उरलेला वेळ बागेत.

"उणे आठ?" बेटकरानं लगेच टोमणा मारला. तो कुठल्याशा वादळी बेटावर राहायचा आणि वाऱ्याखेरीज कशाला भ्यायचा नाही. "बाई, थर्मामीटर फ्रीजमधून बाहेर काढा."

"आमच्याकडे चोवीस," दक्षिणवाल्यानं लिहिलं. तो पृथ्वीच्या खालच्या अंगाला असल्यामुळे त्याचा उन्हाळा तोंडावर आला होता. "गुलाब कळ्यांनी लगडलेत."

"तुला कुणी विचारलं का रे?" पहाडी काकूंनी त्याला झापलं. त्या गटात सगळ्यांत वडील. त्यांची बाग केव्हाच बर्फाखाली गेली होती. "दातवाले, तुझ्या गावचा आकडा काय?"

"हवामान खात्याचा उणे तीन."

"मग मधले पाच अंश कुणाच्या खिशात गेले?"

एरवी ती हसली असती. आज तिच्यासमोर टेबलावर एक फांदी पडली होती. लिंबाच्या रोपांच्या खालच्या रांगेतली. पानं उकडल्यासारखी काळी, बोट लावलं की चिखल. गारठा झाडाला हळूहळू मारतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पेशींच्या आजूबाजूचं पाणी गोठतं, आतलं पाणी ओढून घेतं, स्फटिक वाढत जातात आणि सगळं आतून फाटतं. सकाळी ऊन लागलं की प्रेत वितळतं, इतकंच. त्या रांगेतलं एकही रोप वाचलं नव्हतं.

त्यांच्या पलीकडे, उताराच्या तळाशी, तिचं झाड उभं होतं. थंडी सोसणारं लिंबू काढायचं म्हणून तिनं नऊ वर्षं बिया रुजवल्या होत्या. शेकडो मेल्या, हे एक उरलं. उणे सहापर्यंत त्यानं कधी कुरकुर केली नव्हती, आणि यंदा त्याला पहिली फळं धरली होती. वसंतात त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढून ती गटात वाटणार होती. असा एक डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत भरला की त्याच लिंबाचं नवं झाड होतं. आज डोळे काढून उपयोग नव्हता, लाकूड अजून कच्चं होतं. पहिला डोळा तिनं सगळ्यांसमोर 'कोबी' नावाच्या सभासदाला कबूल केला होता. हा कोबी उन्हाळ्यात गटात आला होता. बोलायचा कमी, लावायचा फक्त कोबी, आणि आकडा कधीच द्यायचा नाही. थर्मामीटर नाही म्हणायचा. पण प्रश्न नेमके विचारायचा, आणि तिचा सल्ला निमूट ऐकायचा. जगात असा माणूस विरळाच.

तिनं सकाळीच झाडाची साल नखानं खरवडून पाहिली होती. आत हिरवं होतं, पण शेंड्याकडे तपकिरी रेघ उतरली होती. आज रात्री गारठा आणखी दोन अंशांनी वाढणार होता. आकाश निरभ्र, वारा नाही. म्हणजे उणे दहा. म्हणजे साल फुटणार, आणि खेळ खलास.

"दातवाले," पहाडी काकूंचा निरोप आला, "थंड हवा जड असते गं. पाण्यासारखी उतारावरून वाहते. तुझ्या बागेत वरून पाणी सोडलं तर ते कुठे साचेल?"

तिनं फोन बाजूला ठेवला. खिडकीतून खाली पाहिलं.

भिंत.

ताईची भिंत. उताराचा वरचा तुकडा तिचा, खालचा ताईचा. आई गेल्यावर वाटणी झाली त्या दिवशी ताईनं दाताळं फेकून मारलं होतं. त्याची खूण अजून डाव्या भुवईत होती. तिनं त्याचं उट्टं ताईच्या ट्रकचं दार ताईच्याच बोटांवर आपटून काढलं होतं. चार वर्षांत दोघींत शब्द नव्हता. मधे तारेचं कुंपण होतं तोवर दोघी एकमेकींकडे पाठ करून काम करायच्या. यंदा उन्हाळ्याच्या शेवटी ताईनं कुंपण उपटून विटांची भिंत घातली. डोक्याएवढी उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुंगी शिरायला जागा नाही.

पण शास्त्र शिकलेली बाई अंदाजावर जात नाही. सूर्य टेकला तशी तिनं उताराच्या माथ्यावर ओला पाला पेटवला. धूर वर गेलाच नाही. गवतातून सापासारखा सरपटत उतरला, रोपांच्या प्रेतांवरून गेला, भिंतीला धडकला आणि तिथेच तुंबला. पांढरा, सपाट, बघता बघता झाडाच्या कमरेएवढा. धरण बांधल्यावर दुसरं काय होणार?

तिनं शेडमधून घण काढला.

पहिल्या घावाला विटेचा टवका उडाला आणि तिच्या गालात घुसला. दुसऱ्याला हात झिणझिणले. चौथ्या की पाचव्या घावाला सर्वांत खालच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, आरपार भोक पडलं आणि पलीकडून आरोळी आली.

"कोण आहे ते? हात उपटून ठेवीन!"

ताई शिडी लावून भिंतीवर चढली. उभी हयात ट्रक चालवलेली बाई; खांदे अजून दारासारखे. हातात फावडं. वरून तिनं सरळ उडी मारली.

"माझ्या भिंतीला घण लावतेस, भवाने?"

"बाजूला हो, ताई."

"चार वर्षांनी तोंड उघडलंस ते हे सांगायला?"

तिनं घण उचलला. तो भिंतीवर पडायच्या आत फावड्याचं पातं तिच्या खांद्यावर पडलं. आत काहीतरी करकचलं. घण सुटला, हात लोंबायला लागला. दुसऱ्या हातानं तिनं ताईची वेणी धरली, मनगटाला पीळ दिला आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा आपटणार तोच ताईनं गुडघा पोटात घातला. दोघी धुरात पडल्या. तिचं कोपर ताईच्या तोंडावर बसलं. दात तुटल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो आवाज तिच्या धंद्यातला होता, चूक होणं शक्य नव्हतं. ताई थुंकली, तिच्या छातीवर बसली आणि गळा धरला.

स्टीअरिंगवर घट्ट झालेली बोटं. त्यांतली दोन वाकडी, तिनंच मोडलेली. ती दोन नीट आवळत नव्हती, म्हणून तेवढ्या फटीतून श्वास येत होता.

"झाड," ती घोगरली. "मरेल."

"मरू दे! सगळं मरू दे!" ताईच्या तोंडातलं रक्त तिच्या कपाळावर टपटपत होतं. मग हात जरासा ढिला पडला. "कुठलं झाड?"

"लिंबाचं. तुझ्या भिंतीनं. थंडी अडते."

"भिंतीनं?" ताई म्हणाली. "भिंत तर तू सांगितलीस."

"मी?"

"'भरीव बांध. डोक्याएवढी. एकही फट नको. फट ठेवली तर वारा चोरासारखा तिथूनच शिरतो.' पाठ आहे मला. ती पहाडातली म्हातारी जाळी लाव म्हणत होती, तर तिला वेड्यात काढलंस."

शब्दन् शब्द तिचा होता. उन्हाळ्यात कोबीनं विचारलं होतं: वरून वारा येतो, पानं फाटतात, कुंपण कसलं करू? आणि तिनं घरच्या खुर्चीत बसून, चहा पीत, झोकात उत्तर दिलं होतं.

"कोबी?" ती म्हणाली.

"मग काय फ्लॉवर?" ताईनं बाहीनं तोंड पुसलं.

"तुला ठाऊक होतं मी कोण ते?"

"कवळ्या करते, लिंबं लावते, आणि सगळ्या जगाला शहाणपण शिकवते. अशा किती असतील?"

"मग मलाच कशाला विचारलंस?"

"तुझं थोबाड दिसू नये म्हणून भिंत बांधायची होती. नीट बांधायची तर जाणत्या माणसाला विचारायला नको?"

तिला हसू आलं आणि खांद्यातून कळ गेली. "उतार आहे हे का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. जमीन कशी उतरते, हा कुठल्याही बागेबद्दलचा पहिला प्रश्न. पण आयता ऐकणारा भेटला की सांगणाऱ्याला विचारायचं भान राहत नाही.

ताई तिच्या छातीवरून उठली नाही. "आणि माझा डोळा?"

"कसला?"

"वेड पांघरू नकोस. 'पहिला डोळा कोबीचा.' सगळ्यांसमोर लिहिलंयस. मी तो भरायला एक रानटी झाड लावून ठेवलंय, खत घालून."

"रात्रीत झाड मेलं तर डोळा कुठून आणू? माझ्या कपाळातून?"

ताईनं धुराकडे पाहिलं. तो आता लिंबाच्या वरच्या फांद्यांना लागला होता आणि हलत नव्हता. थर्मामीटर झाडालाच टांगलेलं होतं. अंधार पुरता पडलाही नव्हता आणि पारा उणे चारवर होता.

ताई उठली. घण घेऊन तिनं भिंतीवर असे तीन घाव घातले की बहिणीनं डोळे मिटले. भोक डोकं जाईल एवढं झालं, बस्स.

"असं तर उजाडेल," ताई म्हणाली. "नीट बांधलीये मेली." त्यात थोडा अभिमान होता. मग तिनं भिंतीवर हात टाकले आणि पलीकडे नाहीशी झाली.

पलीकडे ट्रकचं इंजिन खोकलं, गुरगुरलं. भोकातून लोखंडी साखळीचं टोक आत आलं.

"वरून परत टाक!" ताई ओरडली.

"एक हात चालत नाहीये."

"दुसरा आहे ना? माझं डोकं आपटताना बरा चालत होता!"

दातांत ओठ धरून तिनं साखळी ओढली आणि तिसऱ्या प्रयत्नाला भिंतीवरून पलीकडे भिरकावली. आकडा अडकल्याचा खणखणाट झाला.

"सरक! आली अंगावर तर मला बोल लावू नकोस!"

साखळी ताठ झाली. विटा किरकिरल्या. चाकं जागच्या जागी फिरून जळक्या रबराचा वास आला, आणि मग सात-आठ हात भिंत एकसंध वाकली, क्षणभर तोललेली राहिली आणि पलीकडे कोसळली. जमीन हादरली. सुटलेली साखळी चाबकासारखी उलटली आणि ट्रकची मागची काच फोडून गेली. ताईनं दिलेली शिवी लहानपणी आईनं दोघींना दिली होती, तीच होती.

मागच्या लाल दिव्याच्या उजेडात दिसलं: तुंबलेला धूर जरा बिचकला, भगदाडाशी वाकला आणि ढासळलेल्या विटांवरून खाली घरंगळू लागला. आधी संथ, मग घाईघाईनं. विटांखाली चेचलेल्या गड्ड्यांचा उग्र हिरवा वास येत होता.

"माझे कोबी," ताई म्हणाली. केबिनमधून उतरून ती काचांवर उभी होती. "आणि उरलेल्यांवर आता तुझी थंडी सोडतेस."

"कोबी सोसतो. गारठ्यानं साखर धरतो, गोड होतो."

"हे बरं. झाडाला मरण आणि कोबीला साखर." ताई पुन्हा थुंकली. "परत कुणाला भिंत सांगितलीस तर जीभ छाटीन."

सकाळी खांदा जांभळा होऊन भाकरीसारखा फुगला होता. एका हातानं तिनं लिहिलं, "उणे पाच."

"पाच?" बेटकर म्हणाला. "काय केलंत? शेकोटी?"

"भिंत पाडली. पहाडी काकू, जाळीचं तुमचं बरोबर होतं."

"ते मला ठाऊक आहे," काकूंनी लिहिलं. "झाड?"

"साल हिरवी आहे. शेंडे गेले. डोळे निघतील."

सगळ्यांनी मिळून दंगा केला. दक्षिणवाल्यानं गुलाबाचा फोटो टाकला, त्याला शिव्या बसल्या. त्या गदारोळात कोबीचा निरोप आला: "पहिला माझा."

"कोबी," काकूंनी दटावलं, "आधी आकडा."

"उणे एक."

"एवढं उबदार आहे तुझ्याकडे?"

"अंश नाही. दात."

तिनं फोन ठेवला. बागेत गेली आणि विटांच्या ढिगाऱ्याशी गुडघे टेकून शोधू लागली. वेळ लागला. गोठलेल्या दवात, एका टवक्याला चिकटून, तो पडला होता: वरचा, पुढचा, तंबाखूनं पिवळा झालेला. रंग जुळवायला बरा पडणार होता. मग ती माप घ्यायचा साचा आणि गुलाबी लगद्याचं भांडं घेऊन भगदाडाशी आली. ताई आधीच तिथे विटांवर बसली होती. कपाळाला टेंगूळ, ओठ फाटलेला.

"वाट बघत होतीस?"

"कोबी बघायला आले होते."

"तोंड उघड."

"चावले तर?"

"चाव. मग शेजारचाही पाडते, जोडीनं बसवू."

ताईनं तोंड उघडलं. साचा आत सरकवून तिनं अंगठ्यानं तो वर दाबून धरला. लगदा घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर दोघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भगदाडातून पायांवर गार हवा वाहत होती. मग ताईनं खालचे दात वर आणले आणि तिच्या अंगठ्यात रुतवले. रक्त येईल इतके नाही. पण त्याच्या जवळपास. आणि तसेच धरून ठेवले.

"हलू नकोस," ती म्हणाली. अंगठाही तिनं हलवला नाही.