अर्धं वाक्य

मी जन्माची तोतरी. मी वाक्य सुरू करायचे आणि कोणी फिदीफिदी हसायच्या आत धाकटी ते पूर्ण करून मोकळी व्हायची. तिच्या जिभेला धार चढली ती तिथे.

आज ती रॅपर आहे. लोक तिला ‘तोफ’ म्हणतात, तिच्या कार्यक्रमाला मैदान पुरत नाही. तिचं जे गाणं सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय, त्याचं धृपद म्हणजे माझं अडखळणं, जसंच्या तसं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे कॉलेजची पोरं येऊन ‘ता-ता-ताई, गो-गो-गोळी द्या’ असं गातात. मेल्यांना चाल मात्र अचूक जमते! हल्ली मी बोलतच नाही, बोटाने दाखवते.

परवा ती बक्षीस घेऊन घरी आली. म्हणाली, “ताई, हे खरं तर तुझंच.”

आज हिला चांगलं सुनावायचंच, असं मी ठरवून ठेवलं होतं. “म-मला तुझं ते गा-गाणं...”

“आवडलं! माहीत होतं मला,” म्हणत तिने मला घट्ट मिठी मारली.

आजवर माझं एकही वाक्य तिने चुकवलं नव्हतं. आणि मीही, मूर्खासारखी, मान डोलावली.