दिवसातून सहा वेळा चार वाजले

अहो, इकडे! उशाजवळच्या स्टुलावर बघा. हिरवं, गोल, डोक्यावर दोन घंटा. हां, मीच बोलतोय, गजराचं घड्याळ. बडबड हा माझा जन्मजात स्वभाव, सांभाळून घ्या.

माझा पहिला मालक बेकरीवाला. एकदा झोपेत त्याने मला असली चापट मारली की मी थेट जमिनीवर! दुरुस्तीला टाकलं आणि न्यायला आलाच नाही. बरंच झालं म्हणा. दुकानातल्या बाईंनी मला नीट केलं आणि मागच्या खोलीत स्वतःच्या उशाशी ठेवलं. लेक त्यांना आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणतो.

काय हात आहे आईचा! डोळ्याला भिंग लावून तिळाएवढा स्क्रू अलगद उचलते. दुकानात तिचा एकच कडक नियम. बंद घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. "बंद पडून वर वेळ दाखवायची, म्हणजे शुद्ध फसवणूक," असं तिचं म्हणणं.

मग घरात तापाची साथ शिरली आणि आईने अंथरूण धरलं. ताप, खोकला, कानांना दडे बसलेले. आणि डोकं? कपाळापासून मानेपर्यंत नुसतं ठणकत होतं. उजेड नको, आवाज नको.

"ते टोले बंद कर गं बाई, कवटीत वाजतायत!" आई कळवळली.

लेकीने बाहेरचे सगळे लंबक थांबवले. आई झोपल्यावर मलाही थांबवलं. दुपारचे चार वाजले होते. घाईत माझं तोंड फिरवायचं मात्र राहिलं.

लेकीने डोकेदुखीच्या गोळ्या आणून बजावलं होतं, "सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा. मध्ये नाही." पण खोलीचे पडदे ओढलेले. मोबाईलच्या उजेडाने डोळे चुरचुरायचे. आणि आयुष्यभर घड्याळावर विश्वास ठेवलेली बाई ती! जाग आली की मान वळवायची, माझ्याकडे बघायची. चार. गोळी घ्यायची. पुन्हा जाग. पुन्हा चार. माझी टिकटिक बंद आहे हे दडे बसलेल्या कानांना कळणार कसं? मी आतून ओरडत होतो, "अगं, मी बंद आहे!" पण चावीशिवाय आवाज कुठला?

ताप पाचव्या दिवशी उतरला. खोकलाही पळाला. डोकं मात्र काही सोडेना, आणि चारची गोळीही चालूच. आई कामाच्या बाकावर जाऊन बसली, भिंग लावलं, दहा मिनिटांत परत आली आणि आडवी झाली. डोळ्यांत पाणी.

"स्क्रू दोन दोन दिसतायत गं. संपलं माझं काम. हे भिंग आता तूच घे."

"वेडी आहेस का? ऊठ, डॉक्टरकडे चल."

"काय सांगणार आहे तो?"

"ते तो सांगेल ना! तू चप्पल घाल."

परत आल्या तेव्हा लेक हसत होती आणि रडतही होती. तिने पाठीमागच्या शेजाऱ्यांना सांगितलेलं मी ऐकलं. डॉक्टरांनी मान, डोळे, रक्त, सगळं तपासलं. ठीक होतं. अशा आजारानंतर डोकं काही आठवडे दुखू शकतं म्हणाले. मग विचारलं, "गोळ्या किती घेता?"

"चार वाजले की एक."

"आणि तुमच्याकडे चार किती वेळा वाजतात?"

आईने बोटांवर मोजलं. सहा वेळा!

"सारख्या गोळ्या घेतल्यानेही डोकं दुखत राहतं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या थांबवा. पाणी प्या, झोपा, काम थोडं थोडं सुरू करा."

घरी येऊन आईने मला उचललं. मला वाटलं, आता कचऱ्याची टोपली! तिने नुसतं पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. "तोंड फिरवायचं विसरलीस?"

"विसरले," लेक पुटपुटली.

"आणि मी घड्याळवाली असून मला कळलं नाही." आई इतकी हसली की कपाळ धरून बसली. मग चावी दिली. टिक!

त्याला महिना झाला. स्क्रू पुन्हा एकच दिसतो. संध्याकाळी कधीतरी डोकं धरतं, तेव्हा आई भिंग ठेवून पडते. परवा लेकीने मला थांबवायला हात पुढे केला. आई डोळे मिटूनच म्हणाली, "राहू दे. त्याची टिकटिक ऐकत पडते."

तेवढं एक मागणं आहे माझं. डोकं दुखत असेल तर खुशाल गप्प करा मला, राग नाही. पण जाताना माझं तोंड भिंतीकडे फिरवून जा.