देल्फिनच्या वर्षाची वाइन

पहिल्या बाटलीचं बूच अर्ध्यावर तुटलं, तेव्हा जिल्बेरने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि बाटली दोन गुडघ्यांत आवळून अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसा स्क्रू ओढायला सुरुवात केली.

"अरे, बाटली आहे ती, गाय नाही," खिडकीशी बसलेली ओदिल म्हणाली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. अंगणात अक्रोडाच्या ओल्या पानांवरून घसरून मनगट मोडल्याला आज बारा दिवस झाले होते.

"गाय असती तर एव्हाना मोकळी झाली असती."

बूच एकदाचं निघालं. जिल्बेरने घाम पुसला आणि विस्तवावरच्या बिडाच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने चुलीवर अंड्यापलीकडे काही शिजवलं नव्हतं, आणि आज एकदम बुर्गिन्यों, म्हणजे लाल वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गाईचं मांस, करायला निघाला होता. सकाळपासून ओदिल खुर्चीतून हुकूम सोडत होती. मांसाचे तुकडे आधी फडक्याने कोरडे कर. सगळे एकदम टाकू नकोस, पाणी सुटेल. त्याने ते एकदम टाकले आणि पाणी सुटलं. मग अर्धे पुन्हा ताटात काढावे लागले. शेवटी कसेबसे सगळे तुकडे छान तांबूस झाले, त्यांवर पीठ भुरभुरून झालं, कांदा आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे परतून झाले. मांस ओळखण्यात मात्र त्याला आतून एक शहाणपण होतं. कुठला तुकडा तीन तास टिकेल आणि कुठला दोरीसारखा होईल, हे तो हात लावून ओळखत होता. चाळीस वर्षं पांढऱ्या शारोले गाई पाळल्या होत्या त्याने.

त्या घरात नऊ वर्षांनी गाईचं मांस शिजत होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत गुरांचा डॉक्टर आला होता. उंच, अबोल, शहरी बूट घातलेला. त्याने चौऱ्याऐंशी गाईंच्या मानेत सुई टोचली, नियमाप्रमाणे तीन दिवसांनी पुन्हा आला आणि टोचलेल्या जागेची सूज मोजली. अकरा गाईंना क्षय निघाला. हा रोग रानातल्या हरणांकडून आला की कुठून, ते कुणालाच सांगता आलं नाही, पण रोग निघाला की सगळा कळप मारायचा, असा कायदा होता. अकरांपायी चौऱ्याऐंशी गेल्या. कागदावर सही त्या डॉक्टरची होती. त्याचं नाव थिएरी. दोन्ही दिवस गाईंची डोकी धरून उभी राहिलेली देल्फिन, जिल्बेरची एकुलती एक मुलगी, तिने तीन वर्षांनी ह्याच थिएरीशी लग्न केलं.

माणसाने रागवावं तरी किती, याला काही सुमार असतो. पण जिल्बेरचा राग रोज सकाळी त्याच्याबरोबर उठत होता. लग्न दिजों शहरातल्या नगरपालिकेत झालं. ओदिल एकटी बसने जाऊन आली. जिल्बेर त्या दिवशी सहा तास कुंपण दुरुस्त करत होता, आणि कुंपणाच्या आत चरायला एक जनावर नव्हतं. त्यानंतर देल्फिन या घरात आली नव्हती. महिन्यातून एकदा ओदिल दिजोंला जायची आणि परत आल्यावर, जिल्बेर विचारत नसतानाही, लेकीने केस कापलेत किंवा तिला सर्दी झालीय हे भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. तो पेपर वाचत असल्याचं दाखवायचा, पण पान उलटायचा नाही.

मग मनगट मोडलं आणि फोन आला. फोन जिल्बेरने उचलला.

"रविवारी येतोय आम्ही," देल्फिन म्हणाली होती. "दोघं. दार लावायचं असेल तर दोघांना लाव, बाबा."

जिल्बेरने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "जेवायला काय करायचं?"

देल्फिन म्हणाली, "आईच्या हातचं बुर्गिन्यों."

आईचा हात तर प्लास्टरमध्ये. म्हणून हा सगळा खटाटोप. आज सकाळी जिल्बेर नऊ वर्षांत पहिल्यांदा गावातल्या खाटकाकडे गेला. कुठल्या गोठ्यातली गाय, ते दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं असतं. ते त्याने दोनदा वाचलं, शेजारच्या गावच्या माणसाचं नाव होतं, आणि दोन किलो बांधून घेतलं. खाटकाने वजनावर एक मोठा तुकडा फुकट टाकला.

दुसऱ्या बाटलीचं बूच नीट निघालं. जिल्बेरने दोन्ही बाटल्या एकापाठोपाठ पातेल्यात ओतल्या. चर्रकन वाफ उठली. मांस बुडालं.

"वास निराळाच येतोय," ओदिल म्हणाली. तिने मान पुढे केली. "कुठल्या बाटल्या आणल्यास रे?"

"तूच म्हणालीस ना, नसल्या तरी चालेल अशा दोन आण म्हणून. आणल्या. सगळ्यांत मागच्या कोनाड्यातल्या. बुरशी चढली होती नुसती, कोळ्यांनी घर केलं होतं. म्हटलं, या गेल्यातच जमा."

तळघर ओदिलचं होतं. तिच्या वडिलांचे द्राक्षांचे चार वाफे होते, वाइन तेच भरायचे, आणि कुठली बाटली कधी काढायची यात जिल्बेरने कधी नाक खुपसलं नव्हतं. त्याने आपल्या गोठ्याचा नियम लावला होता. कळप हलका करायचा तर आधी म्हातारं, खरूज चढलेलं जनावर बाहेर काढायचं.

ओदिल उठली. डाव्या हाताने तिने टेबलावरचं शाबूत बूच उचललं आणि अंगठ्याने पुसलं. मग ते तसंच त्याच्यासमोर धरलं. बुचावर डागून उठवलेले दोन आकडे होते. आठ आणि पाच.

जिल्बेरने ते मोठ्याने वाचले. पंच्याऐंशी. देल्फिन जन्मली ते साल. त्या वर्षी ओदिलच्या वडिलांनी नातीच्या नावाने बारा बाटल्या निराळ्या ठेवल्या होत्या, तिच्या लग्नाच्या जेवणासाठी. इथे ज्याच्या घरी द्राक्षं असतील तो हे करतोच. बाटल्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. कोनाड्यावर एक पाटी टांगली होती आणि तिच्यावर खडूने नाव. अडतीस वर्षांच्या ओलीने ते नाव केव्हाच पुसलं होतं. लग्नाच्या दिवशी ओदिलने विचारलं होतं, त्या बाटल्या घेऊन जाऊ का म्हणून. तेव्हा तो काय म्हणाला होता, ते दोघांनाही शब्दन्‌शब्द आठवत होतं.

त्या माणसाच्या लग्नाला? हात लावू नकोस.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय. ओतलीस ना." ओदिल पुन्हा खुर्चीत बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं. "अकरा वाजतायत. खाटकाचं दुकान साडेबारापर्यंत उघडं असतं. नवं मांस आण. कोपऱ्यात माझ्या चुलतभावाची साधी वाइन आहे, ती घालून परत करू. हे देऊ कुत्र्याला."

"आणि हेच ठेवलं तर?"

"मग उद्या ग्लासात काय ओतशील?"

हा प्रश्न उगाच नव्हता. पातेल्यात जी वाइन तीच टेबलावर, हा ओदिलच्या माहेरचा नियम. तिचे वडील एकदा सख्ख्या भावाच्या घरून उपाशी उठून आले होते, कारण पातेल्यात एक आणि ग्लासात दुसरीच होती. म्हणजे हे शिजवायचं तर उद्या पंच्याऐंशीच्या उरलेल्या बाटल्या उघडायच्या. आणि त्या उघडल्या की मग ते रविवारचं साधं जेवण राहत नाही. लेक आजारी आईला बघायला आली, जेवून गेली, असं मग म्हणता येणार नाही. ते लग्नाचं जेवण होतं. जावई जावई होतो.

जिल्बेरने लाकडी चमचा उचलला आणि पातेल्यात उगाच ढवळलं.

"बिघडलीये का बघ आधी," त्याने चमचा तिच्यासमोर धरला. "बिघडली असेल तर प्रश्नच मिटला."

ओदिलने फुंकर घातली, चाखलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत.

"बाबांच्या हातची आहे," ती म्हणाली. "चांगली आहे रे. फार चांगली आहे."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. जिल्बेरने घड्याळाकडे पाहिलं, दाराजवळच्या खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. लेकीवाचून सहा वर्षं काढली होती त्याने. ती लहान असताना गोठ्यात त्याच्यामागे चालायची, त्याच्यासारखेच हात पाठीमागे बांधून. तिची आठवण यायची नाही असा एक दिवस गेला नव्हता, आणि हे त्याने आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि विस्तव बारीक केला.

"गाजरं कधी टाकायची?" त्याने विचारलं.

ओदिलने डाव्या मनगटाने डोळे पुसले. "तासाभराने. आणि तमालपत्र विसरलास, शहाण्या."

तीन तास तो पातेल्यापाशी बसून होता. मध्ये दोनदा झाकण उघडलं म्हणून बोलणी खाल्ली. मांस मऊ झाल्यावर पातेलं गार दगडी ओट्यावर ठेवलं, कारण हा पदार्थ दुसऱ्या दिवशीच खरा लागतो, हे न शिजवणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग तो तळघरात उतरला आणि मागच्या कोनाड्यातून आणखी तीन बाटल्या काढून, तान्ह्या पोराला आणावं तशा एकेक वर आणल्या. गाळ खाली बसावा म्हणून त्या कपाटावर उभ्या ठेवल्या. ओदिलने बघितलं आणि अक्रोड फोडत राहिली. एका हाताने अक्रोड फोडणं सोपं नाही, म्हणून मग तोही फोडायला बसला.

रविवारी बाराच्या सुमारास मोटार अंगणात आली. देल्फिनने स्वयंपाकघरात शिरताच बापाला मिठी मारली आणि चांगली घट्ट मारली, त्याच्या खांद्यावर तोंड दाबून ती म्हणाली, "कांद्याचा वास येतोय तुला, बाबा."

"यायचाच. एक किलो चिरले."

तिच्यामागे थिएरी उभा होता. केस पांढरे व्हायला लागले होते. बूट मात्र आता चिखलाचे होते. त्याने हात पुढे केला, आणि नेमका त्याच वेळी जिल्बेरला पातेलं ऊन झालं का बघायचं आठवलं. तो दोन्ही हातांनी पातेलं धरून उभा राहिला. थिएरीने हात हळूच खिशात घातला. ओदिलने नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली की दुसरा कुणी असता तर पातेलं हातातून सुटलं असतं.

टेबलाशी सगळे बसले. लसूण घासलेला भाजका पाव आला, अळंबी घातलेलं पातेलं मध्ये आलं. ओदिलच्या तब्येतीवर बोलून झालं, पावसावर बोलून झालं. मग जिल्बेरने बाटली उघडली, आणि देल्फिनचं लक्ष बुचाकडे गेलं. तिने ते उचललं. बोटांत फिरवलं.

"बाबा. ही तर..."

"तुझी."

"चुकून उघडली याने," ओदिल मध्येच म्हणाली. "बुरशी बघून पातेल्यात ओतली. डोकं बघा."

"चुकून?" देल्फिनने बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा पडत चालला होता.

"पहिल्या दोन चुकून," जिल्बेर म्हणाला.

कपाटावर उरलेल्या दोन बाटल्या उभ्या होत्या. देल्फिनने त्या बघितल्या, मग आईकडे बघितलं आणि खालचा ओठ दातांत धरला. जिल्बेरची नजर अजून हातातल्या बाटलीवरच होती. नव्या बाटलीतला पहिला घोट यजमान घेतो, हे त्या टेबलावर प्रत्येकाला माहीत होतं. तो स्वतःच्या ग्लासावरून पुढे गेला, टेबलाला वळसा घालून थिएरीच्या मागे उभा राहिला आणि त्याच्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतली.

"तू बघ," तो म्हणाला. "तपासून सांग."

थिएरीचे कान लाल झाले. त्याने ग्लास उचलला, वास घेतला, उजेडात धरला. हा माणूस कधीच घाई करत नाही, गोठ्यातही केली नव्हती, हे जिल्बेरला आठवलं. चौऱ्याऐंशी माना, आणि एकेकीवर हात ठेवूनच त्याने मोजलं होतं. त्या वेळी जिल्बेर त्याच्या सहीकडेच बघत राहिला होता.

थिएरीने घोट घेतला, गिळला, आणि खाली मान घालून म्हणाला, "निरोगी आहे."

"नक्की?"

"नक्की."

"तीन दिवसांनी पुन्हा येऊन बघावं लागेल?"

थिएरीने मान वर करून पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्याचे खांदे थोडे खाली आले.

"नियमाप्रमाणे यावं लागतं," तो म्हणाला.

"बुधवार होतो," जिल्बेर म्हणाला. "दुपारी बाराला ये, उशीर करू नकोस." आणि त्याने पळी उचलून त्याच्या ताटात मांस वाढलं.