कर्जमाफीची शाल

माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो, असं शास्त्र सांगतं: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ती फेडता फेडता आयुष्य सरतं. वडवणीच्या मन्मथअप्पांच्या नावावर चौथंही एक होतं, मंडपऋण. ते मात्र काही केल्या फिटेना, कारण ते बारा वर्षांपूर्वीच माफ झालं होतं.

ही बातमी त्यांना शिवानीनं दिली. शिवानी त्यांची धाकटी. डोळे तपासायचं शिकलेली, आणि अंबाजोगाईला दुसऱ्याच्या दुकानात राबून आलेली. आता तिला अप्पांच्या रिकाम्या गोदामात स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकायचं होतं. जागा अप्पांची, म्हणून कर्जाला सहअर्जदारही अप्पाच. बँकेनं अप्पांचा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि अर्ज परत केला.

"अप्पा, तुमच्या नावावर मंडपाचं कर्ज थकलेलं दाखवायलेत."

"कोणता मंडप?"

"जळालेला."

"जळालेल्याचं कर्ज कसं ऱ्हाईल? मंडप न्हाई ऱ्हायला, ती बँक न्हाई ऱ्हायली, अन् कर्जच तेवढं कसं ऱ्हायलं?" अप्पा माझ्याकडं वळले. "बापू, तुमी होता की तिथं. सांगा हिला."

होतो तर. माईकच माझ्या हातात होता. त्या काळी तालुक्यातला कुठलाही समारंभ अप्पांच्या मंडपाशिवाय आणि माझ्या सूत्रसंचालनाशिवाय पार पडत नसे. मंडप लोकांना फार आवडायचा.

लाल-पिवळ्या झालरी, अप्पांच्या पत्नी महानंदावहिनींनी घरच्या मशीनवर शिवलेल्या. कनातींना बारमाही डांबरगोळ्यांचा वास. तो नाकात गेला की पोरं विचारायची, आज जेवायला काय आहे? भोंगा बाभळीवर चढवला की शेजारच्या गावांत मंगलाष्टकं ऐकू जायची, आणि त्या गावांतली माणसं पंगतीला यायची. निम्म्या तालुक्याची लग्नं त्या झालरींखाली लागली. त्यातली बरीच टिकलीसुद्धा.

मग आमच्या पेठेतल्या सहकारी बँकेचा रौप्यमहोत्सव आला. मंडप अप्पांचा, तोही त्याच बँकेचं कर्ज काढून घेतलेला, नवा कोरा. बँकेनं फटाके उडवले. एक बाण आभाळात जायचा तो झालरीत शिरला. माणूस एकही भाजला नाही, पण बघता बघता मंडपाचे नुसते बांबू उरले. भोंगा बाभळीवर होता म्हणून वाचला. तेव्हा बँकेचे अध्यक्ष अमरसिंहदादांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "मन्मथअप्पांचं सगळं कर्ज बँक आत्ता, या क्षणी माफ करीत आहे!"

टाळ्या पडल्या. सत्काराच्या शाली जीपमध्ये होत्या म्हणून वाचल्या होत्या. त्यातली एक अप्पांच्या खांद्यावर आली. हातात नारळ आला. आपल्याकडं एकदा शाल पडली की विषय संपतो. एक चिठ्ठी लिहून घ्यावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी, अंगावर शाल असताना कागद मागणं बरं दिसलं नसतं.

पुढं ती बँक बीडच्या मोठ्या बँकेत विलीन झाली. शिवानीनं रिपोर्टवाल्यांकडं ऑनलाइन तक्रार टाकली. उत्तर आलं: बीडची बँक म्हणते, नोंद बरोबर आहे, आता बँकेकडूनच दुरुस्ती आणा. इकडं गोदामावर एका खतवाल्याचा डोळा. "दिवाळीपर्यंत थांबतो," तो म्हणाला, म्हणजे दिवाळीनंतर तिथं युरियाची पोती आणि शिवानी परत अंबाजोगाईला, दुसऱ्याच्या काउंटरमागं.

आम्ही तिघं एसटीनं बीडला गेलो. पिशवीत पुरावे होते: शाल आणि समारंभाची सीडी.

कर्ज विभागात उज्ज्वला मॅडम बसल्या होत्या. अप्पांनी त्यांच्या टेबलावर शाल पसरली.

"हे काय काका?"

"माफीपत्र."

मॅडमनी शाल उलटीसुलटी करून पाहिली. "यावर सही-शिक्का नाही."

"सही न्हाई, पण अख्खी पेठ हजर होती. सीडी बघा ना."

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला सीडीची खाच होती. पडदा उजळला. आधी भोंग्याची शिट्टी, मग मी, डोक्यावर केस असलेला. कॅशियर उठून आला. पासबुक भरायला आलेले दोघं तिथंच थबकले. आणि मग पडद्यावर महानंदावहिनी आल्या, झालरीचं टोक हातानं सारखं करत.

अप्पा खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो एकच, तोही आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात त्या कॅमेऱ्याला घाबरल्यासारख्या दिसतात. इथं त्या चालत होत्या, पदर खोचत होत्या, कुणावर तरी तोंड टाकत होत्या.

"पुढं घेऊ का?" मॅडमनी विचारलं.

"राहू द्या," अप्पा म्हणाले. "मलाच बोलायलीय. झालर वाकडी बांधली मनून."

शिवानीनं अप्पांचा हात धरला. पडद्यावर बाण सुटला, झालर पेटली, दादांचा गळा भरून आला, शाल पडली. कॅशियरनं टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी डोळे पुसले आणि खाते क्रमांक टाकला. "आमच्याकडं तर शून्यच दिसतंय. संचालक मंडळानं तेव्हाच ठराव करून खातं बंद केलंय. विलीनीकरणात ते रिपोर्टवाल्यांना कळवायचं राहिलं."

"मंग तक्रारीला तसं उत्तर कावून दिलं?"

"उघडून न बघता दिलं असेल कुणीतरी."

"म्हंजी शाल अन् सीडी आणायची गरजच नव्हती?"

"नव्हती," मॅडम म्हणाल्या. मग सीडी अप्पांच्या हातात देत, "पण आणलीत ते बरं केलंत."

त्यांनी बेबाकीचं पत्र दिलं, सही-शिक्क्यासकट, आणि आमच्यासमोरच दुरुस्ती पाठवली. महिन्याभरात रिपोर्ट स्वच्छ झाला, शिवानीचं कर्ज मंजूर झालं, आणि खतवाल्यानं दुसरं गोदाम बघितलं.

दुकानाच्या उद्घाटनाला अप्पांनी दारावर झालर बांधली. जुन्यांतलीच एक, वहिनींच्या हातची. आगीच्या दिवशी धुवायला टाकली होती म्हणून वाचलेली. यंदा सरळ बांधली. माफीची शाल डोळे तपासायच्या खोलीला पडदा म्हणून लागली. मला माईक मिळाला, आणि प्रमुख पाहुणे अर्थातच अमरसिंहदादा.

माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत दादांनी माईक घेतला. झालरीकडं पाहिलं. त्यांचा गळा भरून आला.

"या तालुक्यातल्या शंभर म्हाताऱ्या माणसांना या दुकानातून चष्मे! सगळा खर्च माझा! आत्ता, या क्षणी जाहीर करतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांचा हात आपोआप शाल-नारळाच्या ताटाकडं गेला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शिवानी पुढं आली. तिच्या हातात कोरा कागद होता, आणि पेन.

"दादा, एवढं लिहून खाली सही करता का?"